लवंगतेल आणि कोऱ्या प्लेटा

मालन घाडी मुलुंडच्या एका कॉलेजात, सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये अटेंडंट होती आणि तिला वास येत नव्हता. यातली पहिली गोष्ट कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होती. दुसरी कुणालाच नव्हती.

वास गेला तो २०२१च्या एप्रिलात. भांडुप पूर्वेच्या दोन खोल्यांत नवरा राजेश, मुलगी प्रांजल, सासू सुंदराबाई आणि ती अशी चार माणसं राहत. चौघंही एकाच आठवड्यात कोविडने आडवी झाली. ताप उतरला, खोकला रेंगाळला, मग तोही गेला. बाराव्या दिवशी मालन सोड्यांचं सुकं करायला उभी राहिली. कढई आचेवर होती आणि ती पाठमोरी होऊन कांदा चिरत होती. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून सुंदराबाई ओरडली, "गे मालन, करपला मां सगळा! नाक खय ठेवलंस?" मालनने वळून बघितलं तर कढईतून काळा धूर निघत होता. तिने वाकून हुंगलं. काही नाही. कोऱ्या पाण्यावर वाकल्यासारखं.

बाकी तिघांचा वास महिना-दीड महिन्यात परतला. मालनचा आला नाही. कांजूरच्या कचऱ्याच्या डंपिंगवरून वारा सुटला की त्यांची बिल्डिंग धडाधड खिडक्या लावून घ्यायची, तेव्हा एकट्या घाडींच्या स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी असायची, सुंदराबाई हाका मारीपर्यंत. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. मालनने वर्षभर वाट पाहिली आणि मग वाट पाहणंही सोडलं.

कॉलेजात मात्र तिने अवाक्षर काढलं नाही, आणि त्याला कारण होतं. लॅब उघडायचं काम तिचं होतं. सकाळी पावणेआठला कुलूप काढायचं, मागच्या गॅलरीतल्या सिलिंडरचा मुख्य कॉक फिरवायचा, मग टेबलांवरचे आठ बर्नर एकेक करून लावून बघायचे. हे काम तिला दादू सावंतांनी शिकवलं होतं. दादू आता निवृत्त होऊन गावी होते, पण त्यांचं एक वाक्य लॅबमध्ये उरलं होतं : "आधी नाक, मग काडी." नाक नसलेल्या बाईला गॅसपाशी कोण उभं करील? मालनने आपल्यापुरता तोडगा काढला. ती रोज एका वाटीत साबणाचा फेस करायची आणि जुन्या ब्रशने प्रत्येक जोडाला, प्रत्येक रबरी नळीला लावायची. कुठे बुडबुडा फुगला तर गळती. त्याला पंधरा मिनिटं जास्त लागत, म्हणून ती साडेसातलाच येऊ लागली. अडीच वर्षांत दोनदा बुडबुडा सापडला आणि दोन्ही वेळा तिने नळी बदलून घेतली.

मालनचे वडील लोअर परळच्या गिरणीत होते. संपानंतर ते गावी गेले, चार वर्षांनी पुन्हा मुंबईत आले आणि भांडुपच्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहिले. मालन अकरावी सायन्सपर्यंत पोचली होती. पुढे जमलं नाही. १९९७ साली ती या लॅबमध्ये बदली म्हणून आली आणि नंतर कायम झाली. जंतूंना खायला करून घालणं हे तिचं खरं काम. पावडरी तोलायच्या, पाण्यात उकळायच्या, त्यात अगार घालायचा, म्हणजे चायना ग्रासच, आणि ते मिश्रण प्रेशर कुकरच्या थोरल्या भावासारख्या दिसणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये शिजवून काचेच्या चपट्या गोल प्लेटांमध्ये ओतायचं. खरवसासारखं थिजलं की त्यावर मुलं जंतू पसरवणार. याला लॅबमध्ये मीडिया म्हणत. मालनच्या हातचा मीडिया कधी फुटला नाही, कधी पाणावला नाही. नवीन शिकवायला आलेल्या बाई आधी तिला विचारत, मग पुस्तक उघडत.

२०२३च्या जुलैत स्वरदा आगाशेने प्रकल्प सुरू केला. ही एम. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी, मुलुंड पूर्वेची, बडबडी आणि कामाला वाघ. तिचा विषय होता यीस्ट आणि वनस्पतींची तेलं. यीस्ट म्हणजे पावाचं नव्हे, त्याचं एक चुलत भावंड, कँडिडा. हे बहुतेकांच्या तोंडात, पोटात निमूट राहतं, आणि साखरेचा आजार असला, कवळी असली, माणूस थकलेलं असलं की माजतं. जिभेवर पांढरे चट्टे उठतात. मालनला ते नाव पाठ होतं. सुंदराबाईच्या कवळीखाली असे चट्टे आले होते, तेव्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तिने ते वाचलं होतं.

स्वरदाने चार तेलं आणली. लवंग, दालचिनी, गवती चहा आणि निलगिरी. चाचणी साधी होती. प्लेटभर यीस्ट पसरायचं, मधोमध एक छोटी विहीर पाडायची, तिच्यात तेलाचे थेंब सोडायचे आणि प्लेट दोन दिवस इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे उबेच्या कपाटात, ठेवायची. तेलात दम असेल तर विहिरीभोवती यीस्ट उगवत नाही. तिथे स्वच्छ गोल राहतो. तो गोल पट्टीने मोजायचा. आणि दर वेळी एक प्लेट बिनतेलाची ठेवायची. हिला कंट्रोल म्हणतात. तिच्यावर यीस्ट काठापासून काठापर्यंत दाट उगवलंच पाहिजे, कारण बाकीच्या प्लेटांचं खरंखोटं तिच्यावर ठरतं.

ऑगस्टभर सगळं झकास चाललं. लवंगेचा गोल सगळ्यांत मोठा. स्वरदा पट्टी घेऊन नाचायचीच बाकी होती. मग तिने एका वेळी सहा प्लेटांऐवजी तीस लावायला सुरुवात केली, आणि मोठ्या कपाटात जागा नव्हती म्हणून कोपऱ्यातलं छोटं इन्क्युबेटर आपल्या ताब्यात घेतलं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कंट्रोल कोरी निघाली.

पहिल्यांदा कुणी मनावर घेतलं नाही. स्वरदाला वाटलं, आपणच यीस्ट पसरायला विसरलो. दुसऱ्यांदाही कोरी. तिसऱ्यांदा काठाला चार ठिपके, बाकी कोरं. चौथ्यांदा विभागप्रमुख डॉ. वसुधा दातार स्वतः येऊन उभ्या राहिल्या. दातार मॅडम करड्या होत्या, पण आकसाने वागणाऱ्या नव्हत्या. जानेवारीत बाहेरच्या परीक्षकांसमोर हे काम मांडायचं होतं आणि त्या घाईला आल्या होत्या.

"मालनबाई, काचसामान कशाने धुताय हल्ली?"

"तीच पावडर, मॅडम. ऑगस्टात नवा डबा आलाय, पण आहे तीच."

"किती पाण्यांतून काढता?"

"नळाच्या तीन. मग डिस्टिल्डचं एक."

"मग साबण राहतोय कुठेतरी. यीस्ट मरतंय म्हणजे मीडियातच काहीतरी जातंय. दुसरं काय असणार?"

त्या आठवड्यात मालनने स्वरदाच्या सगळ्या प्लेटा आणि चंबू सात पाण्यांतून काढले. बोटांच्या पेरांना सुरकुत्या पडल्या. पाचव्या वेळची कंट्रोलही कोरी निघाली.

ऑक्टोबरच्या एका बुधवारी तिला ऑफिसात बोलावून एक कागद दिला आणि वहीवर सही घेतली. काचसामानाच्या स्वच्छतेत आपल्याकडून हलगर्जीपणा झाल्याने विद्यार्थ्यांच्या संशोधनाचे नुकसान झाले आहे, पंधरा दिवसांत लेखी खुलासा करावा. प्रत : सेवापुस्तक. मालनने तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि वर येऊन राहिलेले चंबू विसळले. रडूबिडू आलं नाही. एक शब्द मात्र दाढेखाली खडा यावा तसा दिवसभर येत राहिला. हलगर्जीपणा. सव्वीस वर्षांत तिला आळशी कुणी म्हटलं नव्हतं, सासूनेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी ती बी. एस्सी.च्या मुलांच्या जुन्या प्लेटा टाकून द्यायला म्हणून मोजत होती. मोजता मोजता हात थांबला. त्या प्लेटांवर यीस्ट सायीसारखं दाटून आलं होतं. तिने आपली मीडियाची वही काढली. कुठल्या तारखेला किती मीडिया केला, कुणाला दिला, हे ती पहिल्या वर्षापासून लिहीत आली होती. तारीख तीच. चंबू तोच. त्याच चंबूतल्या अर्ध्या प्लेटा मुलांना गेल्या होत्या आणि अर्ध्या स्वरदाला. साबण असता तर दोघांकडे असता.

म्हणजे खोट मीडियात नव्हती. मग कुठे? मुलांच्या प्लेटा मोठ्या इन्क्युबेटरमध्ये होत्या, स्वरदाच्या छोट्यात.

त्या दिवसापासून मालनने वहीच्या मागच्या पानावर छोट्या कपाटाचे तीन कप्पे आखले आणि कोणती प्लेट कुठे आहे ते टिपायला लागली. कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. दोनच फेऱ्यांत एक गोष्ट दिसली. लवंग आणि दालचिनीच्या गठ्ठ्याला चिकटून असलेली प्लेट पार कोरी. खालच्या कप्प्यात, दाराशी असलेल्या प्लेटेवर थोडी तरी उगवण. पण कोरी का, हे तिला सांगता येत नव्हतं. झाकलेल्या प्लेटेतून तेल उडी मारून दुसऱ्या प्लेटेत जातं की काय?

उत्तर घरी सापडलं. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी सुंदराबाईला सर्दी झाली होती. प्रांजलने तपेलीत कढत पाणी घेऊन निलगिरीचे आठ-दहा थेंब टाकले, आणि मालन ती तपेली उचलून सासूपाशी घेऊन गेली. दोन पावलांत तिच्या डोळ्यांना पाणी आलं. घशात खवखवलं.

सुंदराबाईने टॉवेलातून डोकं बाहेर काढलं. "काय गे? वास इलो की काय तुका?"

"वास नाय ओ आये. डोळ्यांक झोंबलां."

वास गेला तरी झोंबणं जात नाही, हे तिला मिरच्या भाजताना मागेच कळलं होतं. पण आता ती तपेली खाली ठेवून तशीच उभी राहिली. हेच झोंबणं तिला गेला महिनाभर रोज होत होतं. छोटं इन्क्युबेटर उघडलं की डोळे चुरचुरायचे. ती समजत होती, ऊब अंगावर येते म्हणून. ऊब तर मोठ्या कपाटालाही होती, आणि तिथे डोळ्यांना काही होत नव्हतं. डोळ्यापर्यंत जे हवेतून येतं, ते शेजारच्या प्लेटेपर्यंत का जाणार नाही? प्लेटेचं झाकण नुसतं टेकवलेलं असतं. हवा आतबाहेर होतेच.

शनिवारी अर्धा दिवस होता. मालन स्टुलावर चढून छोट्या इन्क्युबेटरचं डोकं बघायला लागली. वर हवा जायला एक भोक असतं. त्या भोकात कापसाचा बोळा होता. कुणी घातला हे तिला शोधावं लागलं नाही. जुलैत लाल मुंग्यांची रांग लागली होती आणि तो बोळा तिनेच, स्वतःच्या हाताने, ठासून बसवला होता. बसवला आणि विसरून गेली होती.

ती बराच वेळ स्टुलावर उभी होती. बोळा काढून कचऱ्यात टाकला असता तर प्रश्न आपोआप मिटला असता. पुढची कंट्रोल उगवली असती, सात पाण्यांनी धुतल्याने सुटला म्हणून सगळे खूश झाले असते, आणि हलगर्जीपणा सेवापुस्तकात तसाच राहिला असता. तिने बोळा काढला, कागदात बांधला आणि पर्समध्ये ठेवला.

मग तिने असं काम केलं जे अटेंडंटने करायचं नसतं. घरून ती प्रांजलचे शाळेच्या वेळचे दोन स्टीलचे डबे घेऊन आली होती, घट्ट झाकणांचे. चार प्लेटा घेतल्या. बर्नर लावला. तारेचा लूप लाल करून निववला, यीस्टच्या नळीत बुडवला आणि प्लेटांवर ओढला. सव्वीस वर्षं तिने हजारो मुलांचे हात हे करताना पाहिले होते, थरथरणारे, घाईचे, चुकणारे. तिचा हात फक्त फार सावकाश गेला. एका डब्यात लवंगतेलाची प्लेट आणि तिच्यावर बिनतेलाची. दुसऱ्या डब्यात दोन्ही बिनतेलाच्या. झाकणं लावली, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि दोन्ही डबे मोठ्या इन्क्युबेटरमध्ये मागे सरकवले.

रविवारी दुपारी ती खुलासा लिहायला बसली. फुलस्केपचं एक पान. प्रांजल मागून वाचत होती. प्रांजल एका बँकेत होती आणि ऑफिसचे कागद कसे लिहावेत याबद्दल तिची मतं पक्की होती.

"आई, हे कापसाचं कशाला लिहितेस?"

"मी घातला होता ना."

"अगं, पण कुणाला माहितीये? तू फक्त लिही की साबण नव्हता. संपलं. आपणहून गळ्यात कशाला घ्यायचं यार?"

"साबण नव्हता, तर मग काय होतं, असं विचारतील. तेव्हा काय सांगू?"

"मुंग्या होत्या हे तरी लिही मग."

"ते लिहिलंय. तिसरी ओळ."

प्रांजलने कपाळावर हात मारला आणि चहा टाकायला गेली.

सोमवारी मालनने डबे उघडून बघितले नाहीत. मॅडम आल्यावर तिने तीन गोष्टी त्यांच्या टेबलावर ठेवल्या. खुलासा, कापसाचा बोळा आणि दोन डबे. स्वरदा तिथेच होती.

"हे काय?" मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, आधी डबे उघडा. मी अजून बघितलेले नाहीत. माझं चुकलं असेल तर कागद परत घेते, दुसरा लिहून देते."

मॅडमनी तिच्याकडे बघितलं, मग चिकटपट्टी सोडवली. दुसऱ्या डब्यातल्या दोन्ही प्लेटा निघाल्या त्या पांढऱ्या, दाट, काठोकाठ. पहिल्या डब्याचं झाकण काढताच मॅडम मागे सरकल्या. "बापरे, लवंग!" आतली बिनतेलाची प्लेट त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली. तिच्यावर काही नव्हतं. यीस्टची एक रेघसुद्धा नव्हती.

स्वरदाने दोन्ही हात तोंडावर नेले. "वाफ. मॅडम, तेलाची वाफ! आणि मी मूर्खासारखी कंट्रोल त्यांच्याच मधे ठेवत होते."

"आणि वरचं भोक बंद होतं," मालन म्हणाली. "तो बोळा मी घातलेला. मुंग्यांसाठी. लिहिलंय त्यात."

मॅडमनी खुलासा वाचला. वाचून झाल्यावर परत पहिल्यापासून वाचला. "प्लेटेवर यीस्ट कुणी पसरलं?"

"मीच."

मॅडमनी ती प्लेट पुन्हा उजेडात धरली. स्वरदा बोलत सुटली होती. "मावशी, मला तर रोज वास यायचा हो! कपाट उघडलं की भसकन. मला छान वाटायचं. आई म्हणायची, तुझ्या केसांना मसालेभाताचा वास येतो. पण डोक्यात नाही आलं कधी."

"मलाही आला होता," मॅडम हळू म्हणाल्या. "दोनदा तरी. मालनबाई, तुम्ही तर रोज सकाळी ते कपाट उघडता. इतका वास येत होता तर आधीच का नाही बोललात?"

या प्रश्नाची तयारी मालनने केली नव्हती. डोळे झोंबले एवढं सांगून ती निसटू शकली असती. पण सकाळपासून ती खरं बोलत होती, आणि मधेच थांबायला तिला जमलं नाही.

"मला वास येत नाही, मॅडम."

"म्हणजे? सर्दी आहे?"

"कोविडपासून. दोन हजार एकवीस."

मग मॅडमच्या चेहऱ्यावर ती गोष्ट उतरताना मालनला दिसली. "आणि गॅस?" त्यांनी विचारलं.

"साबणाचा फेस लावून बघते. रोज, सगळ्या जोडांना. म्हणूनच साडेसातला येते."

"अडीच वर्षं?"

"हो."

मॅडम खुर्चीत बसल्या. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मालनला सोपं गेलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "तुम्ही मला सांगायला हवं होतं," आणि मालन म्हणाली, "सांगितलं असतं तर किल्ली गेली असती."

किल्ली गेलीच. त्याच आठवड्यात शेजारच्या रसायनशास्त्राच्या लॅबमधल्या आकाश नावाच्या अटेंडंटकडे सकाळचा गॅस आणि कुलूप सोपवलं गेलं. भिंतीवर गळती ओळखणारं यंत्र बसलं, लाल दिव्याचं. मॅडमनी ऑफिसला पत्र लिहिलं की चूक काचसामानाची नव्हती, प्रयोगाच्या मांडणीची होती, आणि ती मालन घाडी यांनीच शोधून काढली. ऑफिस म्हणालं, नंबर पडलेला मेमो काढता येत नाही. त्याच्या मागे हे पत्र जोडू. तसं जोडलं. सेवापुस्तकात आता दोन्ही कागद एका पिनेत आहेत. मालनला मेमोचं फारसं राहिलं नाही. आठ वाजता येऊन दुसऱ्याने उघडलेल्या लॅबमध्ये शिरणं मात्र तिला बरेच दिवस अंगावरच्या दुसऱ्याच्या कपड्यासारखं वाटत होतं. आकाशला तिने फेसाची वाटी आणि ब्रश दाखवला. त्याने यंत्राकडे बोट केलं. ती म्हणाली, "ते आहे रे. हेही कर." तो आठवड्यातून एकदा करतो.

स्वरदाच्या प्रकल्पाची वाट लागायची ती लागली नाही. उलट मॅडमनी तिला सांगितलं, आता वाफेचंच मोज. तिने तेलाचा थेंब प्लेटेत न टाकता झाकणाला आतून चिकटवलेल्या कागदाच्या टिकलीवर सोडला, आणि प्रत्येक तेलाला वेगळा डबा दिला. थेंब सोडून बघताना गवती चहाचं तेल मधलंच ठरलं होतं. वाफेत ते सगळ्यांच्या पुढे गेलं. जानेवारीत परीक्षकांनी पाऊण तास प्रश्न विचारले. प्रबंधाच्या आभाराच्या पानावर 'श्रीमती मालन घाडी' असं नाव आलं, मॅडमच्या खाली आणि आईवडिलांच्या वर. स्वरदाने ते पान उघडून दाखवलं तेव्हा मालनचे हात ओले होते, म्हणून तिने ते लांबूनच वाचलं.

लवंगतेलाने यीस्ट मरतं ही बातमी त्याआधीच प्रांजलकडून बिल्डिंगभर झाली आणि तिचा एक भलताच परिणाम झाला. डिसेंबरात सुंदराबाईच्या जिभेवर पुन्हा पांढरे चट्टे आले होते. शेजारची शेवंती लवंगतेलाची बाटली घेऊनच दारात उभी राहिली.

"तुमच्या कॉलेजात सिद्ध झालंय ना? मग डॉक्टर कशाला? दोन थेंब बोटावर घ्या आणि चोळा."

"प्लेटेत मरतं म्हणून तोंडात लावायचं नसतं गं," मालन म्हणाली. "प्लेटेतलं यीस्ट तर फिनेलनेही मरतं. फिनेल लावशील? प्लेटेला कातडी नाही, जीभ नाही, ती भाजत नाही. म्हातारीची जीभ सोलून निघेल या तेलाने."

"मग एवढा प्रयोग करता कशाला?"

"ते कळायला अजून दहा प्रयोग लागतात. तोवर डॉक्टरांचे थेंब."

शेवंतीला हे पटलं नाही, पण बाटली तिने परत नेली. सुंदराबाईला डॉक्टरांकडे नेलं, साखर वाढलेली निघाली, औषध बदललं, आणि दोन आठवड्यांत जीभ स्वच्छ झाली.

स्वरदाने कुठेतरी वाचलं होतं की गेलेल्या वासाला वळण लावायला रोज ठराविक वास हुंगतात. जानेवारीतच तिने मालनला चार छोट्या बाटल्या दिल्या : गुलाब, लिंबू, निलगिरी, लवंग. मालनने त्या सकाळ-संध्याकाळ चार महिने हुंगल्या, डोळे मिटून, प्रत्येकी वीस सेकंद. लवंग झोंबली, निलगिरी गार लागली, गुलाब आणि लिंबू काहीच बोलले नाहीत. मे महिन्यात तिने बंद केलं.

जूनपासून दातार मॅडमनी तिच्याकडे एक नवं काम दिलं. विभागाकडे जंतूंच्या चौदा नळ्या आहेत, मूळ साठा. दर महिन्याला त्या ताज्या मीडियावर उतरवाव्या लागतात, नाहीतर आतले जंतू म्हातारे होऊन मरतात. हे काम आजवर शिकवणाऱ्या बाईच करत. नेमणुकीचा असा कुठला कागद निघाला नाही. मॅडम एका सकाळी आल्या, मालनच्या हातात लूप दिला आणि म्हणाल्या, "तुमचा हात पाहिलाय मी त्या प्लेटांवर. तुम्ही करा, मी बसते." पहिले दोन महिने त्या बसल्या. मग स्वतःच्या खोलीत बसून दार उघडं ठेवू लागल्या.

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मालन टेबल स्पिरिटने पुसते आणि चौदा नळ्या ओळीने लावते. मुलं शेजारच्या टेबलावर असतात, त्यांच्या गप्पा चालू असतात. ती कुणाशी बोलत नाही. लूप लाल होतो, निवतो, नळीत जातो, दुसऱ्या नळीत उतरतो. एकेक झाली की ती चिठ्ठी लिहून चिकटवते. जंतूचं नाव इंग्रजीत, तारीख, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'मा. घा.' गेल्या महिन्यात नवव्या नळीत बुरशी शिरली. तिने ती वेगळी काढली, वहीत लिहिलं, आणि मॅडमना सांगायला गेली.